सुईचं नेढं आणि शंभरपट: ख्रिस्ती विश्वास आणि पैसा

 

मागच्या वेळी आपण डोंगरावरच्या प्रवचनातला चिंतेविषयीचा भाग पाहिला होता. आज त्याच्यापुढे जाऊन पैशाविषयी बोलायचं ठरलं होतं आणि टिपणंही तयार होती. पण मागचं व्याख्यान संपल्यावर, खुर्च्या आवरता आवरता, एक ताई थांबल्या. त्यांनी जे विचारलं त्यामुळे ती टिपणं आम्हाला बाजूला ठेवावी लागली. त्यांच्या परवानगीने, नावगाव न सांगता, तेवढी हकीकत आधी सांगतो.

त्यांच्या गावाजवळ तीन दिवसांची मोठी सभा झाली होती. बाहेरगावचे वक्ते होते. त्यांनी सांगितलं की देवाच्या कामासाठी दिलेला पैसा हे बी आहे. विश्वासाने पेराल तर वर्ष संपायच्या आत शंभरपट परत येईल. ताईंनी मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बचत गटातून कर्ज घेतलं होतं. ती सगळी रक्कम त्यांनी तिसऱ्या दिवशी दानपात्रात टाकली. वर्ष संपलं. प्रवेश हुकला, आणि गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला चालू आहे. आता त्यांचा प्रश्न ऐका. माझे पैसे कुठे गेले, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "सर, माझा विश्वास कुठे कमी पडला?"

आम्ही त्या वेळी नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट, शंभरपट हा शब्द त्या वक्त्यांनी पदरचा काढलेला नाही. तो शुभवर्तमानात आहे. मार्कच्या दहाव्या अध्यायात, तिसाव्या वचनात. पण तो ज्या प्रसंगाच्या शेवटी येतो तो प्रसंग सतराव्या वचनापासून सुरू होतो, आणि सभेत बहुतेक वेळा शेवटच तेवढा वाचला जातो. म्हणून आज आपण तो सुरुवातीपासून वाचू.

येशू यरुशलेमच्या वाटेवर आहे. एक माणूस धावत येतो आणि त्याच्यापुढे गुडघे टेकतो. सार्वकालिक जीवन वतन म्हणून मिळावं यासाठी काय करू, असं विचारतो. आपण याला सवयीने 'श्रीमंत तरुण अधिकारी' म्हणतो, पण हे वर्णन तिन्ही शुभवर्तमानं एकत्र करून झालेलं आहे. तो तरुण होता हे मत्तय सांगतो, अधिकारी होता हे लूक सांगतो. मार्कमध्ये तो नुसता एक माणूस आहे, आणि त्याच्याकडे किती मालमत्ता आहे हे मार्क आपल्याला अगदी शेवटी, तो निघून जाताना सांगतो. हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. तो येतो तेव्हा वाचकाला त्याची श्रीमंती दिसत नाही. दिसते ती तळमळ.

येशू त्याला आज्ञा आठवून देतो: खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष, आईबापांचा मान. पण मधेच एक आज्ञा अशी येते की जी दहा आज्ञांच्या यादीत या शब्दांत सापडत नाही. कोणाला ठकवू नको. मत्तय आणि लूक यांनी ती घेतलेली नाही, मार्कनेच ठेवली आहे. मूळ ग्रीक क्रियापद एखाद्याच्या हक्काचं अडवून ठेवणं, बुडवणं अशा अर्थाचं आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांसाठी तेच क्रियापद आलं आहे. मलाखीचा तिसरा अध्याय लक्षात ठेवा, आपल्याला तिथे परत यायचं आहे.

आता या माणसाकडे होतं काय? मार्कने वापरलेला शब्द आहे 'क्तेमाता'. मिळकती, जमीनजुमला असा त्याचा अर्थ होतो. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या जी मिळकत विकतो तिलाही हाच शब्द आहे. त्या काळात मोठी जमीन एका हातात येणं म्हणजे अनेकदा कर्ज फेडू न शकलेल्या लहान शेतकऱ्याची जमीन तिथे जाणं. हे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना वेगळं समजावून सांगायला नको. गहाणखत, सावकार, सातबाऱ्यावरचं बदललेलं नाव, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेलं आहे. या विशिष्ट माणसाने कोणाची जमीन लाटली होती असं मार्क म्हणत नाही, आणि आपणही त्याच्यावर तो आरोप करू नये. पण ठकवू नको ही आज्ञा एका जमीनदाराला ऐकवली गेली, हे विसरूनही चालणार नाही.

तो म्हणतो, हे सगळं मी लहानपणापासून पाळत आलो आहे. आणि इथे मार्क एक वाक्य लिहितो जे बाकीच्या दोघांत नाही: येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला त्याच्यावर प्रीती वाटली. पुढचं सगळं या प्रीतीतून आलेलं आहे. तुझ्यात एक उणीव आहे; जा, आहे ते विकून गोरगरिबांना दे, मग ये आणि माझ्यामागे चल. त्या माणसाचा चेहरा उतरला आणि तो खिन्न होऊन गेला. येशूने ज्याला थेट आपल्यामागे बोलावलं आणि तरी जो परत फिरला, असा हा माणूस आहे. कोळ्यांनी जाळी सोडली, जकातदाराने नाका सोडला. याला जमीन सोडवली नाही.

मग येतं ते उंटाचं आणि सुईचं वाक्य.

यावर एक लोकप्रिय स्पष्टीकरण आहे आणि ते तुम्ही ऐकलंच असेल. यरुशलेमच्या तटाला 'सुईचं नेढं' नावाचा बुटका दरवाजा होता, उंटाला ओझं उतरवून गुडघ्यांवर आत जावं लागे, तसं श्रीमंताने नम्र होऊन जावं. कल्पना छान आहे. आम्हीही तरुणपणी उपदेशात वापरलेली आहे, हे कबूल करतो. पण असा दरवाजा त्या काळी होता याला ना उत्खननाचा आधार आहे, ना कोणा प्राचीन लेखकाचा. काही थोड्या हस्तलिखितांत 'उंट' या शब्दाऐवजी एका स्वराच्या फरकाने 'दोरखंड' असा शब्द येतो. पण दोरखंड तरी नेढ्यातून कुठे जातो? यहुदी धर्मगुरूंच्या बाबेलच्या तालमूदमध्ये असाच अशक्यपणा दाखवण्यासाठी सुईच्या नेढ्यातला हत्ती आहे. तेव्हा उंट म्हणजे उंटच आणि सुई म्हणजे गोधडी शिवायची सुई. दरवाजा शोधून काढण्याची धडपड आपली आहे, कारण आपल्याला ओझ्यासकट आत जायचं असतं.

यावर शिष्य थक्क होतात. मग तारण तरी कोणाचं होणार, असं एकमेकांना विचारतात. या गरीब कोळ्यांना धक्का का बसावा? श्रीमंतांना आत जाता येत नाही म्हटल्यावर त्यांना बरंच वाटायला हवं होतं. त्यांना धक्का बसतो, कारण त्यांच्या मनात श्रीमंती ही देवाच्या कृपेची खूण होती. अनुवादाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आज्ञा पाळणाऱ्या राष्ट्राला कोठारं भरण्याचं, गुरंढोरं वाढण्याचं वचन आहे. त्याचा सोपा उलट अर्थ लोकांनी काढला होता: ज्याचं कोठार भरलं त्याच्यावर देव खूश. खरं म्हणजे जुन्या करारातच ईयोबाचा ग्रंथ या उलट अर्थाशी बेचाळीस अध्याय भांडतो आहे. ईयोबाचे मित्र म्हणतात, तुझं सगळं गेलं त्याअर्थी तुझं काहीतरी चुकलं असणार. आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर.

आता त्या ताईंचा प्रश्न पुन्हा आठवा. माझा विश्वास कुठे कमी पडला? हा प्रश्न त्यांचा नव्हे. तो ईयोबाच्या मित्रांचा आहे, आणि त्या सभेत कोणीतरी तो त्यांच्या तोंडी घातला.

आता कोणी म्हणेल, मग सगळ्या ख्रिस्ती लोकांनी सगळं विकायचं का? पवित्र शास्त्रात सरसकट असं नाही. लूक या माणसाची गोष्ट अठराव्या अध्यायात सांगतो आणि लगेच एकोणिसाव्यात जक्कय येतो. यरीहोचा मुख्य जकातदार. तो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करायला तयार होतो. सगळं नाही, अर्धं. आणि तरी येशू म्हणतो की आज या घराला तारण लाभलं. योहान्ना, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको, आपल्या पैशातून येशूचा आणि शिष्यांचा खर्च चालवते. लुदिया जांभळी वस्त्रं विकणारी व्यापारीण; ती धंदा बंद करत नाही, घर उघडते. अरिमथाईचा योसेफ श्रीमंत होता, म्हणून तर त्याच्याकडे खडकात खोदलेली नवी कबर होती. हनन्या आणि सप्पीरा यांना पेत्र स्पष्ट सांगतो की जमीन तुमची होती, विकल्यावर पैसाही तुमच्याच हातात होता. त्यांचा गुन्हा पैसे ठेवण्याचा नव्हता. काही भाग ठेवून सगळं दिल्याचं नाव मिळवण्याचा होता.

म्हणजे रक्कम ठरलेली नाही. मग पारख कशाची होते? याच्यावर मंडळीने पहिल्या चार शतकांत फार झगडून विचार केला, आणि त्यातली तीन माणसं आम्हाला नेहमी एकत्र आठवतात. तिघांच्या हातात ही एकच गोष्ट होती.

अलेक्झांड्रिया हे इजिप्तचं मोठं व्यापारी बंदर. इ.स. २०० च्या आसपास तिथे क्लेमेंट नावाचा शिक्षक होता. त्याच्या मंडळीत पैसेवाले लोक येऊ लागले होते आणि हा उतारा ऐकून घाबरत होते. त्याने त्यांच्यासाठी एक पुस्तकच लिहिलं: कोणता श्रीमंत तारला जातो? तो म्हणतो, टाकायची आहे ती मनातली आसक्ती. कोणाकडेच काही उरलं नाही तर भुकेल्याला जेवू कोण घालणार? युक्तिवाद बिनतोड आहे. पण त्यात एक पळवाट आहे, आणि पुढच्या शेकडो वर्षांत श्रीमंतांनी ती चांगली रुंद करून घेतली. मन अलिप्त आहे म्हटलं की तिजोरी उघडायची गरजच उरत नाही.

त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी त्याच इजिप्तमधल्या एका खेड्यात अंतोनी नावाचा मुलगा, विशीच्या आतबाहेरचा, उपासनेला गेला. आईबाप नुकतेच गेले होते, लहान बहीण पदरात होती. त्या दिवशी नेमका हाच उतारा वाचला जात होता, मत्तयातला. त्याने तो आपल्यालाच सांगितला आहे असं मानलं आणि घरची ३०० अरूरा, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे २०० एकर सुपीक जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. बहिणीसाठी थोडं राखलं. पुढे तेही दिलं आणि बहिणीला व्रतस्थ स्त्रियांच्या हवाली केलं. अथानासियस याने त्याचं चरित्र लिहिलं आणि त्यातून संन्यस्त ख्रिस्ती जीवनाची मोठी लाट उठली. आम्हाला अंतोनीबद्दल आदर आहे. पण त्या बहिणीला कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न दर वेळी मनात येतो. दुसऱ्याच्या वाट्याचंही आपल्या भक्तीसाठी देऊन टाकणं, ही गोष्ट आजही घरोघरी घडते.

तिसरा बेसिल. कप्पदुकियातलं कैसरिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं कायसेरी. इ.स. ३६८-६९ च्या सुमाराला तिथे भयंकर दुष्काळ पडला. हिवाळा कोरडा, पाऊस नाही, समुद्र लांब असल्यामुळे धान्य आणायची सोय नाही. आणि कोठारांत धान्य होतं. भाव आणखी चढेपर्यंत ते ठेवलेलं होतं. बेसिल त्या वेळी नुसता वडील होता, अजून बिशप झालेला नव्हता. त्याने लूकमधल्या त्या शेतकऱ्यावर प्रवचन केलं जो जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तू ठेवून घेतलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीतला कपडा उघड्याचा आहे, तू चोरी केली नाहीस असं तुला वाटतं, पण ज्याला देता आलं असतं आणि दिलं नाहीस त्या प्रत्येकाचं तू अडवून ठेवलं आहेस. म्हणजे पुन्हा तीच आज्ञा, ठकवू नको.

आपल्या या श्रीमंत माणसावरही बेसिलचं वेगळं प्रवचन आहे, आणि त्यातला मुद्दा आम्ही दुसरीकडे इतका सरळ वाचलेला नाही. हा माणूस म्हणतो, मी सगळ्या आज्ञा पाळल्या. बेसिल विचारतो, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती केली असतीस तर तुझ्याकडे एवढं उरलं कसं? तुझी शिल्लकच तुझ्याविरुद्ध साक्ष देते आहे.

पण बेसिल नुसता बोलून थांबला नाही. प्रवचनांनी कोठारं उघडायला लावली, मोठ्या हंड्यांत डाळीसारखं कालवण शिजवून स्वतः वाढलं, आणि पुढे शहराबाहेर आजारी, प्रवासी आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी घरांचं एक संकुल उभं केलं. त्याचा मित्र नाझियान्झचा ग्रेगरी याने त्याचं वर्णन जणू नवं शहरच असं केलं आहे. ते उभं राहिलं श्रीमंतांच्याच पैशातून. क्लेमेंटचा युक्तिवाद तिथे खरा झाला, पण कोठाराचं दार प्रत्यक्ष उघडल्यावर.

इथे आपल्या मातीतली एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरागत कथा आहे. ती ख्रिस्ती कथा नव्हे, आणि तिला ओढूनताणून ख्रिस्ती करायचंही कारण नाही. पण दुष्काळानंतर वसुलीला न जाता खतंच बुडवणारा वाणी ज्या भाषेला माहीत आहे, त्या भाषेत मार्कचा दहावा अध्याय समजायला जड जाऊ नये.

मधला मोठा काळ सोडून देतो. जॉन वेस्लीचं मात्र दोन वाक्यांत सांगतो. १७६० मध्ये त्याचं पैशाच्या उपयोगावरचं प्रवचन प्रसिद्ध झालं. प्रामाणिकपणे जमेल तेवढं मिळवा, जमेल तेवढं वाचवा आणि जमेल तेवढं द्या, असं त्याचं सूत्र होतं. म्हातारपणी तो हताश होऊन म्हणत राहिला की माझ्या लोकांनी पहिल्या दोन गोष्टी मनापासून केल्या आणि तिसरी विसरले. भक्तीमुळे माणूस कष्टाळू आणि काटकसरी होतो, त्यातून पैसा येतो, आणि पैसा आला की भक्ती ओसरते, हा पेच त्याने १७८६ मध्ये लिहून ठेवला. माक्स वेबरने पुढे आपल्या प्रसिद्ध ग्रंथात तो उतारा वापरला. आपल्याकडच्या कित्येक ख्रिस्ती घरांचा तीन पिढ्यांचा इतिहास याच पेचात बसतो.

आता परत शंभरपटीकडे.

पैसा हे बी, दान ही पेरणी, ही शिकवण या रूपात फार जुनी नाही. अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स या प्रचारकाने १९७० च्या सुमारास ती या नावाने पसरवली. केनेथ हेगिन वगैरेंच्या शिकवणीने तिला बळ दिलं. नंतर टीव्हीवरून ती जगभर गेली. २०१० मध्ये केप टाउनला भरलेल्या लोझान परिषदेच्या जाहीरनाम्यात जगभरच्या सुवार्तिक मंडळींनी तिचा स्पष्ट निषेध केला. तरी शेतकऱ्यांच्या मुलखात बी म्हटलं की माणूस चटकन ऐकतो. उधार बियाणं आणून पेरणारा शेतकरी आपल्याला परका नाही, म्हणून हे बोलणं इथे जास्त लागतं.

पण वचन पुरतं वाचा. पेत्र म्हणतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो. त्याला उत्तर मिळतं की घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं शंभरपट मिळतील. शंभर आया? एवढ्यावरून तरी कळायला हवं की हे बँकेच्या व्याजाबद्दल नाही. ज्याने घर सोडलं त्याला मंडळीतली शंभर घरं आपली होतात, शंभर म्हाताऱ्या त्याला जेवायला वाढतात. आणि त्याच यादीत, त्याच दमात, आणखी एक गोष्ट कबूल केली आहे: छळ. शंभरपटीचं वचन देणाऱ्या वक्त्याला छळाचंही वचन द्यावं लागेल. ते सहसा पोस्टरवर नसतं.

शंभरपट पीक आणखी एका ठिकाणी येतं, मार्कच्या चौथ्या अध्यायात, पेरणाऱ्याच्या दाखल्यात. तिथे बी कशाला म्हटलं आहे? वचनाला. पैसा त्या दाखल्यात आहे, पण तो बियात नाही. तो काट्यांत आहे. संसाराची चिंता आणि धनाचा मोह हे काटेरी झुडपासारखे वाढून पीक दाबून टाकतात, असा येशूने स्वतः खुलासा केला आहे. त्याने ज्याला काटा म्हटलं त्याला बी म्हणून विकायचं, याला आम्ही विश्वास म्हणू शकत नाही. तो व्यवहार आहे. त्यात भरवसा पैशावरच राहतो, फक्त देवाला मधला दलाल केलेलं असतं.

पौलाने पेरणीची भाषा वापरली आहे हे खरं. दुसऱ्या करिंथच्या नवव्या अध्यायात आहे. पण ती वर्गणी कोणासाठी होती? यरुशलेमच्या मंडळीतल्या गरिबांसाठी. आणि त्याआधीच्या, आठव्या अध्यायात तो दोन गोष्टी सांगतो ज्या प्रत्येक दानपेटीवर लिहून ठेवाव्यात असं आम्हाला वाटतं. एक, देणगी मान्य होते ती माणसाजवळ जे आहे त्या मानाने, नाही त्या मानाने नव्हे. दोन, दुसऱ्याला आराम आणि तुम्हाला ओढाताण व्हावी असा हेतू नाही. कर्ज काढून दान करायचं नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं?

आणि मलाखी. दशांश आणा, मग मी आकाशकपाटं उघडतो की नाही ते पाहा, हे तिसऱ्या अध्यायाचं दहावं वचन सगळ्यांना पाठ असतं. त्याच अध्यायाचं पाचवं वचन कोणाला पाठ आहे? तिथे देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणाऱ्याविरुद्ध, विधवा आणि अनाथ यांना नाडणाऱ्याविरुद्ध मी स्वतः साक्षीदार म्हणून उभा राहीन. मंडळीच्या कोठारात आणायचं ते पाचव्या वचनातून गाळून आलं पाहिजे.

दोन दमड्यांच्या विधवेबद्दल एकच सांगतो. मार्क बाराव्या अध्यायात ती येते, आणि तिच्या आधीच्याच वाक्यांत येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडलेला असतो. तिचं देणं मोठं होतंच. पण तिच्यासारखीची शेवटची उपजीविका घेणाऱ्यांबद्दल त्याला काय वाटत होतं, तेही त्याच पानावर आहे.

शेवटचं उदाहरण घरचं. पंडिता रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहिलं आहे की त्यांच्या आईवडिलांनी जवळचं होतं ते तीर्थयात्रा, दानधर्म आणि अनुष्ठानांत खर्च केलं, आणि दुष्काळात १८७४ मध्ये दोघंही उपासमारीने गेले. धर्माच्या नावाने घर रिकामं होणं म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. आणि म्हणूनच, आम्हाला वाटतं, पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्या पैशाच्या बाबतीत इतक्या जमिनीवर राहिल्या. केडगावला त्यांनी जमीन घेतली ती फळबाग लावून शारदा सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून. बाग, विहिरी, हिशेब, सगळं होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, तेव्हा ती जमीन मुक्ती सदन झाली. तिथे प्रार्थना तर होतीच. पण विणकाम, छापखाना, दूधदुभतं आणि शेतीही होती, म्हणजे आलेल्या मुलीला उद्या कोणाच्या दानावर जगावं लागू नये. प्रार्थना आणि विहीर यांतलं एक निवडावं असं त्यांना कधी वाटलेलं दिसत नाही.

आता चिठ्ठ्या बऱ्याच आल्या आहेत. वेळेत बसतील तेवढ्या घेतो.

"दशांश पूर्ण पगारावर द्यायचा की हातात येणाऱ्या?" हा प्रश्न दर वेळी येतो, आणि दर वेळी आम्ही अनुवादाचा चौदावा अध्याय वाचायला सांगतो. तिथे दशांशाचा काही भाग घरच्यांबरोबर देवासमोर आनंदाने जेवण्यात खर्च करायचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षीचा गावातल्या लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी वेशीत ठेवायचा आहे. वजावटीआधी की नंतर, एवढ्याच हिशेबात अडकलेल्याने वेशीत काही ठेवलं आहे का ते आधी पाहावं.

"गरिबीच पवित्र असते का?" नाही. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर देवाकडे मागतो की दारिद्र्यही नको आणि श्रीमंतीही नको, गरजेपुरतं अन्न दे. पोट भरलं तर तुला विसरेन, उपाशी राहिलो तर चोरी करेन, अशी त्याला दोन्हीकडून भीती आहे. गरिबीचे गोडवे गाणारे बहुधा तिथे राहत नसतात.

"वेतन आयोगाची थकबाकी आली आहे, फ्लॅट घ्यावा की देऊन टाकावी?" चिठ्ठीवर नाव नाही, पण अक्षर ओळखीचं वाटतं. घर घ्या. घेतल्यावर त्याच्या दारात कोण येऊ शकतं ते आम्हाला कळवा. लूकमधल्या श्रीमंत माणसावर चोरीचा आरोप नाही. लाजर त्याच्या फाटकाशी पडून होता आणि त्याच्या लक्षात आला नाही, एवढंच आहे.

शेवटची चिठ्ठी: "त्या ताईंचं पुढे काय झालं?"

त्या आज इथे आल्या आहेत, मागे बसल्या आहेत, आणि सांगा म्हणाल्या आहेत. त्यांच्या मंडळीतले दोघेजण आणि आम्ही मागच्या आठवड्यात पासबुक घेऊन बसलो. बचत गटाच्या बायकांनी हप्ता निम्मा करून मुदत वाढवून दिली. गटातल्या निम्म्याहून जास्त बायका ख्रिस्ती नाहीत, हे मुद्दाम नोंदवतो. नर्सिंगचे अर्ज पुन्हा निघायचे आहेत, आणि त्या फीची अर्धी जबाबदारी मंडळीने घेतली आहे. ताईंनी विचारलं, मग मी रविवारी दान टाकायचं थांबवू का? आम्ही म्हटलं, तुम्हाला परवडेल ते टाका. त्या दहा रुपये टाकतात.

सभा भरवणाऱ्यांना रक्कम परत करण्याविषयी पत्र लिहिलं आहे, ताईंच्या सहीने. कर्जाचे पैसे होते हे त्यांना माहीत नव्हतं असं आपण गृहीत धरू; आता माहीत झालं आहे. अजून उत्तर नाही. आलं की पुढच्या व्याख्यानाच्या सुरुवातीला वाचून दाखवू.